कोंड्यातले तेल आणि पेशीची राखण

तंजावरहून कुंभकोणमकडे निघाले की वाटेत पापनाशम लागते. तिरुनेलवेलीकडचे, धरण आणि धबधब्याचे पापनाशम वेगळे. हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले, चहूकडे भातखाचरे असलेले गाव. इथल्या तिरुप्पालैतुरैच्या शिवमंदिरात नायक राजांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले एक धान्यकोठार आहे. सुमारे ३६ फूट उंच, ८६ फूट रुंद, तिथल्या जुन्या मापाने ३००० कलम भात मावेल एवढे. पुढे १७९९पर्यंत हा मुलूख तंजावरच्या भोसल्यांकडे होता, आणि त्यांच्याही काळात इथली सुबत्ता भातावरच उभी होती.

अशा कोठारात साठवायचे ते भात, म्हणजे तुसासकट दाणा. सडलेला तांदूळ नव्हे. कीड आणि ओल यांपासून तूस दाण्याला वाचवते, हे शेतकऱ्याच्या घरात कुणीही सांगेल. पण आणखी एक कारण आहे आणि त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. भाताच्या दाण्यात तेल असते. तुसाखालच्या पातळ तपकिरी थरात आणि दाण्याच्या कोंबात ते साठवलेले असते. त्याच कोंड्यात, पण वेगळ्या थरात, लायपेज नावाचे विकर असते. त्याचे काम तेल फोडण्याचे. दाणा अखंड आहे तोवर तेल आणि विकर यांची गाठ पडत नाही, बाहेरची हवाही आत पोचत नाही. म्हणून तुसातले भात वर्षभर टिकते, नुसते तूस काढलेला तपकिरी तांदूळ काही महिन्यांतच वास मारू लागतो, आणि गिरणीत पॉलिश करताना निघालेला कोंडा तर दुसऱ्या दिवशीच बिघडायला लागतो.

गिरणीतून नुकताच पडलेला कोंडा हातात घेतला तर तो कोमट, मऊ आणि किंचित गोडसर वासाचा असतो. पोत्यात भरून ठेवला की एक-दोन दिवसांत त्याला खवट वास येतो. हा खवटपणा दोन पायऱ्यांनी येतो. आधी लायपेज तेल फोडून मेदाम्ले सुटी करते. मग सुट्या मेदाम्लांवर हवेतला ऑक्सिजन तुटून पडतो. पहिली पायरी थोपवण्याचा जुना उपाय म्हणजे भात भिजवून, वाफवून, वाळवून मगच सडणे. तमिळनाडूतला रोजचा पुळुंगल अरिसी आणि आपल्या कोकणातला उकडा तांदूळ असाच तयार होतो. वाफेने लायपेज निकामी होते, शिवाय कोंड्यातले बी-१ जीवनसत्त्व आत दाण्यात मुरते. मात्र या वाफवण्यात कोंड्यातली काही नैसर्गिक अँटिऑक्सिडंट द्रव्ये नष्ट होतात, त्यामुळे उकड्या तांदळाचा कोंडा विकराच्या तावडीतून सुटला तरी ऑक्सिजनला जास्त बळी पडतो. कावेरीच्या खोऱ्यात भातप्रक्रियेचे शास्त्रशुद्ध संशोधन १९६७ साली तिरुवारूरच्या आधुनिक भातगिरणीत सुरू झाले. तिथल्या छोट्या प्रयोगशाळेतून वाढत गेलेली संस्था आज तंजावरला अन्नतंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था म्हणून काम करते.

कोंड्याचे हे सगळे सविस्तर सांगितले, कारण माणसाच्या पेशीत जे घडते त्याचा पायाही हाच आहे. चरबी, ऑक्सिजन आणि दोघांमध्ये उभी असलेली राखण. ती राखण किती आहे यापेक्षा ती नेमकी कुठे आहे याला जास्त महत्त्व आहे, एवढीच एक गोष्ट या लेखात मला सांगायची आहे. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या जाहिरातींत नेमकी हीच गोष्ट सुटते.

तेल म्हणजे मुख्यतः मेदाम्लांच्या लांब कार्बनसाखळ्या. साखळीत एकही दुहेरी बंध नसेल तर ते संपृक्त मेदाम्ल. खोबरेल तेलातली जवळपास ९० टक्के मेदाम्ले अशी असतात, म्हणून ते थंडीत गोठते आणि चांगले टिकते. एक दुहेरी बंध असलेले ओलेइक आम्ल शेंगदाणा तेलात भरपूर असते. दोन दुहेरी बंधांचे लिनोलेइक आम्ल करडई आणि सूर्यफुलाच्या तेलात मोठ्या प्रमाणात, करडईच्या नेहमीच्या वाणांत तर ७० टक्क्यांहून जास्त. तीन दुहेरी बंधांचे लिनोलेनिक आम्ल जवसात. दोन दुहेरी बंधांच्या मध्ये जो कार्बन अडकतो, त्याच्याजवळचा हायड्रोजन फार सैल धरलेला असतो आणि ऑक्सिडेशनची सुरुवात तिथूनच होते. त्यामुळे ओलेइकपेक्षा लिनोलेइक आम्ल दहा-बारा पट आणि लिनोलेनिक आम्ल वीस-पंचवीस पट वेगाने ऑक्सिडाइज होते. जवसाची चटणी जास्त दिवस राहिली की चव बदलते आणि खोबऱ्याची त्यामानाने तग धरते, ती याचमुळे.

आता पेशीकडे वळू. प्रत्येक पेशीभोवतीचे पटल हे चरबीच्या रेणूंचा दुहेरी थर असते, जाडी एका मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाएवढी. पेशीच्या आतही तंतुकणिकांना (मायटोकॉन्ड्रिया), केंद्रकाला असली पटले असतात. ती लवचीक राहावीत म्हणून त्यांत असंपृक्त मेदाम्ले लागतातच, आणि आपण जे तेल खातो त्यातली मेदाम्ले आठवड्या-महिन्यांत या पटलांत जाऊन बसतात. लिनोलेइक आम्ल तर शरीराला स्वतः बनवता येत नाही, ते अन्नातूनच यावे लागते. म्हणजे जे मेदाम्ल सहज खवट होते, त्याच्याशिवाय पेशीचे चालत नाही. आणि ही चरबी हवाबंद डब्यात नसते. तंतुकणिका ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात तिथेच ती असते.

ऊर्जा तयार होताना काही इलेक्ट्रॉन वाटेत गळतात आणि ऑक्सिजनला चिकटून त्याचे सुपरऑक्साइड होते. १९६९ साली अमेरिकेत जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड निकालात काढणारे विकर शोधले आणि असे विकर जवळजवळ प्रत्येक ऑक्सिजन वापरणाऱ्या जीवात आहे हे पुढे कळले. सुपरऑक्साइडपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. त्याला जवळपास सुटे लोह भेटले तर हायड्रॉक्सिल मूलक तयार होते, आणि त्याच्यापुढे काहीच टिकत नाही. ही सगळी मंडळी म्हणजे मुक्त मूलके (फ्री रॅडिकल्स) आणि त्यांचे नातेवाईक. त्यांचे उत्पादन आणि त्यांचा निचरा यांचा तोल बिघडला की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५ साली ही कल्पना नीट मांडली.

मूलकाने पटलातल्या एका लिनोलेइक साखळीचा सैल हायड्रोजन ओढला की ती साखळी स्वतःच मूलक होते. तिला ऑक्सिजन जोडला जातो आणि पेरॉक्सिल मूलक तयार होते. ते शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढते. मग तिच्या शेजारची. एका ठिणगीतून अशा अनेक साखळ्या जातात. तुटलेल्या साखळ्यांतून अल्डिहाइड जातीची द्रव्ये निघतात. खवट तेलाला जो बोचरा वास येतो तो याच कुळातल्या द्रव्यांचा. पेशीत ही द्रव्ये प्रथिनांना आणि डीएनएला चिकटतात, पटल गळके होते.

ही माळ तोडायचे काम ई जीवनसत्त्वाचे. १९२२ साली बर्कली इथे हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांनी उंदरांना शुद्ध केलेल्या घटकांचे, डुकराच्या चरबीचे खाणे दिले. उंदीर वाढले, पण माद्यांचे गर्भ टिकेनात. हिरवा पाला किंवा गव्हाचा अंकुर दिला की गर्भ टिकत. त्या अनामिक द्रव्याचे पुढे ई जीवनसत्त्व असे नाव झाले, आणि १९३६ साली गव्हाच्या अंकुराच्या तेलातून ते शुद्ध स्वरूपात मिळाले. हा रेणू तेलात विरघळणारा, लांब शेपटीचा. शेपटी पटलाच्या चरबीत रुतलेली, डोके पृष्ठभागाजवळ. पटलातल्या हजारभर चरबीरेणूंमागे ई जीवनसत्त्वाचा जेमतेम एक रेणू असतो, तरी काम भागते. कारण पेरॉक्सिल मूलक शेजारच्या साखळीला गाठण्याच्या कितीतरी आधी, सुमारे हजारपट वेगाने, ई जीवनसत्त्वाकडून हायड्रोजन घेते आणि माळ तिथेच थांबते.

हायड्रोजन देऊन बसलेला ई जीवनसत्त्वाचा रेणू मग स्वतः अर्धवट मूलक असतो. त्याला पूर्ववत करायला पाण्यात विरघळणारे सी जीवनसत्त्व पटलाच्या काठाशी येते. सी जीवनसत्त्वाला पुन्हा उभे करायला ग्लुटाथायोन लागते, ग्लुटाथायोनला अन्नातल्या साखरेपासून मिळणारी ऊर्जा. शिवाय आधीच ऑक्सिडाइज झालेल्या चरबीची डागडुजी करणारे एक विकर असते, त्याला सेलेनियम लागते. यातले एक कमी पडले तर बाकीचे अडखळतात. सी जीवनसत्त्वाची जोड नसेल तर भरपूर ई जीवनसत्त्व काही परिस्थितींत ऑक्सिडेशन उलट पुढे ढकलते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. नुसते ई वाढवून भागत नाही ते इथे कळते.

तमिळनाडूच्या स्वयंपाकघरातले खास तेल म्हणजे तिळाचे, नल्लेण्णै. इडलीबरोबरच्या मिळगाय पोडीवर ते कच्चेच ओततात, लोणच्यावर त्याचाच थर असतो. तिथल्या लाकडी घाण्याला चेक्कु म्हणतात आणि तेल गाळताना त्यात ताडगुळाचा खडा टाकायची जुनी रीत आहे. तिळाच्या तेलात चाळीस टक्क्यांच्या वर लिनोलेइक आम्ल असते. हिशेबाने ते लवकर खवट व्हायला हवे. तसे होत नाही. लोणचे वर्षभर टिकते. तिळातली सेसामिन, सेसामोलिन ही द्रव्ये आणि सेसामोलिनपासून तयार होणारे सेसामोल हे त्याचे कारण. त्यांच्या जोडीला तिळात गॅमा जातीचे ई जीवनसत्त्व असते.

इथे एक गुंतागुंत आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. बाटलीतल्या तेलाचे रक्षण करण्यात गॅमा प्रकार अनेकदा सरस ठरतो. शरीराला मात्र अल्फा प्रकार हवा असतो. अन्नातून सगळे प्रकार यकृतात पोचतात, पण यकृतातले एक प्रथिन त्यांतला अल्फा निवडून रक्तात धाडते, बाकीचे बहुतांशी मोडून बाहेर टाकले जातात. तेव्हा तेल टिकाऊ आहे म्हणून ते पेशींनाही तितकेच राखेल, असे सरळ गणित मांडता येत नाही. तिळाच्या बाबतीत एक दुवा मात्र सापडलेला आहे: सेसामिन गॅमा प्रकाराचे मोडणे मंदावते, आणि तीळ खाल्लेल्या माणसांच्या रक्तात गॅमा ई जीवनसत्त्व वाढल्याचे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दिसले.

तिळाच्या तेलावरचे एक काम पापनाशमपासून फार दूर नसलेल्या चिदंबरमला झाले. अण्णामलै विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागातील संशोधकांनी औषधे चालू असलेल्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना ४५ दिवस घरातले सगळे तेल बदलून फक्त तिळाचे तेल वापरायला सांगितले. रक्तदाब उतरला. रक्तातल्या चरबीच्या ऑक्सिडेशनची खूण कमी झाली, ई आणि सी जीवनसत्त्वे वाढली. पुढचे ४५ दिवस जुन्या तेलाकडे परतल्यावर रक्तदाब पुन्हा चढला. २००६ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मला मोलाचा वाटतो, कारण तो इथल्या माणसांवर, इथल्या तेलावर झाला. पण रुग्ण पन्नासच होते आणि तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवून औषध सोडायचे नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

आता पुन्हा कोंड्याकडे. भातकोंड्याचे तेल घाण्यावर निघत नाही. कोंड्यात तेल १५ ते २० टक्केच, तेही भुग्यात मुरलेले. त्यामुळे ते कारखान्यात हेक्झेन या द्रावकाने काढून शुद्ध करावे लागते. ‘घाण्याचे ते चांगले, कारखान्याचे ते वाईट’ ही विभागणी इथे कामाला येत नाही. या तेलात सुमारे ४० टक्के ओलेइक, एक तृतीयांश लिनोलेइक, एक पंचमांश संपृक्त मेदाम्ले आणि सोबत ई जीवनसत्त्वाचे टोकोट्रायनॉल प्रकार व ओरायझनॉल. ओरायझनॉल या अँटिऑक्सिडंटचा शोध १९५०च्या दशकात जपानमध्ये लागला. कच्च्या तेलात ते एक-दीड टक्का असते. अल्कली घालून तेल शुद्ध केले की त्यातले बहुतेक साबणाच्या गाळाबरोबर निघून जाते. वाफेने शुद्ध केले तर बरेचसे शिल्लक राहते. बाटलीवर ओरायझनॉलचे प्रमाण छापलेले असते ते वाचून घ्यावे.

मग असंपृक्त तेल इतके सहज खवट होते तर ते टाळून तूप किंवा खोबरेलच वापरावे का? असा सल्ला हल्ली बराच फिरतो. तो चुकीचा आहे. संपृक्त चरबीच्या जागी असंपृक्त तेल घेतले की रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल उतरते, हे वारंवार सिद्ध झालेले आहे. काचेच्या नळीत ऑक्सिडाइज होणारे तेल आणि ताज्या अन्नातून ई जीवनसत्त्वासकट आलेले तेल, या दोन वेगळ्या गोष्टी. वनस्पतिजन्य तेलात निसर्गाने बहुधा लिनोलेइकच्या बरोबरीने ई जीवनसत्त्वही ठेवलेले असते. लिनोलेइक वाढले की ई जीवनसत्त्वाची गरज वाढते, आणि सूर्यफुलासारख्या तेलात दोन्ही एकत्रच येतात.

ही जोडी मोडते ती कढईत. संध्याकाळी भजीच्या गाडीवर उभे राहून पाहावे. ताज्या तेलात भजे पडले की मोठे बुडबुडे येतात आणि लगेच विरतात. तेच तेल तिसऱ्या-चौथ्यांदा तापले की काळसर, चिकट होते, भजे टाकताच बारीक फेस येतो आणि तो कढईच्या काठापर्यंत चढून रेंगाळतो. १७०-१८० अंशांवर तेलातले ई जीवनसत्त्व आधी खर्ची पडते. ते संपले की साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन तेल घट्ट होते, तुटलेल्यांतून अल्डिहाइड निघतात. संपत आलेल्या तेलात नवे तेल ओतून भर घालणे तर सगळ्यात वाईट, कारण जुन्यातली पेरॉक्साइडे नव्याला लगेच पेटवतात. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८पासून तळणीच्या तेलात ते बिघडताना तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढचे तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. घरी मोजायचे यंत्र नसते, पण फेस, रंग आणि वास पुरेसे बोलतात. तळून उरलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावे, पुन्हा तळणीला घेऊ नये. दिवाळीच्या चकल्यांचे तेल संक्रांतीपर्यंत जपून ठेवणे ही काटकसर महागात पडते. तेलाचा मोठा डबा आणून खिडकीत, शेगडीजवळ ठेवण्यापेक्षा लहान बाटली बंद कपाटात ठेवावी, कारण उजेड आणि उष्णता दोन्ही ऑक्सिडेशनला हातभार लावतात.

राहिला प्रश्न गोळ्यांचा. १९८०च्या दशकात तर्क सरळ दिसत होता. मुक्त मूलके नुकसान करतात, अँटिऑक्सिडंट त्यांना अडवतात, भाजी-फळे खाणाऱ्यांना कर्करोग कमी होतो. तेव्हा जीवनसत्त्वे गोळीतून द्यावीत. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर ही चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला: बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ साली मुदतीआधी थांबवावी लागली, तिथे वाढ २८ टक्के होती. हृदयरोगाचा धोका असलेल्यांना रोज ४०० एकक ई जीवनसत्त्व देणाऱ्या चाचणीचा २००० साली निकाल लागला, फायदा शून्य. २०११ साली तेवढीच मात्रा घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त आढळला.

असे का व्हावे? एक तर धूम्रपानाने होरपळलेल्या फुप्फुसात बीटा कॅरोटिन स्वतःच ऑक्सिडाइज होऊन त्रासदायक द्रव्ये देत असावे. दुसरे, हायड्रोजन पेरॉक्साइड हा पेशीचा नुसता शत्रू नाही. थोड्या प्रमाणात तो निरोप आहे. पांढऱ्या पेशी त्याच्याच आणि सुपरऑक्साइडच्या आधाराने जंतू मारतात. व्यायामात मूलके वाढतात, आणि त्या वाढीमुळेच पेशी आपली संरक्षक विकरे वाढवते. २००९ साली जर्मनीतल्या एका प्रयोगात व्यायाम करणाऱ्या तरुणांना सी आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या, तर व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा चांगला प्रतिसादच हरवला. बाहेरून ओतलेले अँटिऑक्सिडंट निरोपही पुसून टाकते.

अन्नातून मात्र ही द्रव्ये हळूहळू, थोडी थोडी, एकमेकांच्या संगतीने येतात. मुरुंगै कीरै, म्हणजे शेवग्याचा पाला, थोड्या तेलात परतला की त्यातले कॅरोटिन शोषले जाते. तेलाशिवाय फारसे नाही. आवळा-पेरूतून सी, तीळ-शेंगदाण्यातून ई. भारतीय प्रौढाला दिवसाला साधारण साडेसात ते दहा मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व पुरते, आणि नीट ठेवलेले, न जाळलेले तेल रोजच्या मापात खाणाऱ्या घरात त्यातला बराच भाग सहज भरून निघतो.

गोळीची खरी गरज ज्यांना असते ते वेगळे आहेत. पित्तनलिकेच्या किंवा स्वादुपिंडाच्या आजारात आतड्यातून चरबीच शोषली जात नाही, तेव्हा ई जीवनसत्त्वही शोषले जात नाही. काही थोड्या घराण्यांत यकृतातल्या त्या निवड करणाऱ्या प्रथिनाचे जनुकच बिघडलेले असते. अशा मुलांचा वाढत्या वयात तोल जाऊ लागतो, चालणे अडखळते, बोलणे जड होते. त्यांना मोठ्या मात्रेतले ई जीवनसत्त्व आयुष्यभर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावे लागते, आणि वेळेवर सुरू झाले तर मज्जातंतूंचे पुढचे नुकसान थांबते.